'ओल्डबॉय'चा सूत्रधार

सूडाची कथा वाचताना अगर पाहताना आपले मन कोणत्या बाजूस झुकावयाचे हे बहुधा पहिल्या अंकातच ठरून गेलेले असते. 'वेणीसंहार' नाटकात दुर्योधनाच्या रक्ताने माखलेल्या हातांनी भीम द्रौपदीची वेणी घालावयास येतो, तेव्हा तो आपणांस राक्षस वाटत नाही. कारण भर सभेतील त्या विटंबनेची आठवण भट्टनारायणाने आपल्या मनात सतत जागी ठेवलेली असते. उलटपक्षी, अश्वत्थामा रात्री शिबिरात शिरून निजलेल्या वीरांस ठार करतो, तेव्हा त्याच्याही पित्याचा वध कपटाने झालेला आहे हे ठाऊक असूनही आपण त्यास क्षमा करीत नाही. एक रणात मारतो व दुसरा झोपेत मारतो हा भेद खराच. तथापि आपला कौल केवळ तेवढ्यावर ठरत नाही. आपली सहानुभूती अगोदर कोणी काबीज केली, यावर तो पुष्कळ अंशी ठरतो. आणि ती काबीज करण्याचे काम पडद्याआड बसून कोणीतरी करीत असतो, याचे भान आपणांस क्वचितच राहते.

पार्क चान-वूक या कोरियन दिग्दर्शकाचा 'ओल्डबॉय' हा बोलपट मी महत्त्वाचा मानतो तो याच कारणाकरिता. त्यात प्रथम आपली सहानुभूती रीतसर काबीज केली जाते. मग ती काबीज करविणारा गृहस्थ पडद्याआडून हसत बाहेर येतो, आणि पाहावे तो तो नायकाचा वैरी असतो!

हा चित्रपट दक्षिण कोरियात २००३ साली प्रदर्शित झाला. त्याच दिग्दर्शकाने २००२ व २००५ साली सूडावरच आणखी दोन चित्रपट काढले असल्यामुळे या तिघांस मिळून त्रयी म्हणण्याची वहिवाट पडली आहे; परंतु तिन्ही कथा एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. गॅरॉन त्सुचिया यांनी लिहिलेल्या व नोबुआकी मिनेगिशी यांनी चितारलेल्या एका जपानी चित्रकथेवरून कथेचा सांगाडा घेतला आहे. २००४ साली कान येथील महोत्सवात 'ओल्डबॉय'ला 'ग्रां प्री' हे दुसऱ्या क्रमांकाचे मोठे पारितोषिक मिळाले, आणि त्या वर्षी परीक्षक-मंडळाचे अध्यक्षपद क्वेंटिन टॅरँटिनो याच्याकडे होते. रक्तपाताचे रंगीत नृत्य करून दाखविणाऱ्या टॅरँटिनोचे नाव असे जोडले गेल्यामुळे या चित्रपटाची एक बाजू अवास्तव मोठी झाली. आज त्याचे नाव काढताच लोकांस आठवतो तो नायकाच्या हातातील हातोडा, आणि त्याने जिवंत खाल्लेला ऑक्टोपस. आमच्या महाविद्यालयातील तरुण मंडळी हातोड्याचे गुणगान करतात. माझे समवयस्क सहाध्यापक हातोड्याचे नाव ऐकूनच नाक मुरडतात. दोन्ही पक्षांचे लक्ष हातोड्यावरच खिळलेले आहे, ही मौज होय.

पुढे जाण्यापूर्वी एक सूचना करणे अवश्य आहे. हा चित्रपट मुलाबाळांसह पाहण्याजोगा नाही. शिवाय त्यातील रहस्य उघड केल्यावाचून त्याविषयी कामाचे असे काहीच बोलता येत नाही. सबब ज्यांस तो कोऱ्या मनाने पाहावयाचा असेल त्यांनी हा लेख येथेच मिटून ठेवलेला बरा.

कथा अशी. ओ दे-सू हा सामान्य नोकरदार मनुष्य, दारूचा शोकी व तोंडाचा फटकळ. १९८८ साली, लहानग्या मुलीच्या वाढदिवसाची भेट हाती असताना, तो रस्त्यावरून नाहीसा होतो. शुद्धीवर येतो तो एका कोंदट खोलीत. खोलीत पलंग आहे, टेलिव्हिजन आहे, भिंतीस नक्षीचा कागद आहे. खिडकी नाही आणि कारणही नाही. रोज तेच जेवण, आपल्याकडील कानवल्यासारखे सारण भरून तळलेले मांडू. आपल्या पत्नीचा खून झाला आणि संशय आपल्यावरच आहे, ही वार्ता त्यास त्या टेलिव्हिजनवरूनच कळते. अशी पंधरा वर्षे जातात. त्या वर्षांचा हिशेब दिग्दर्शकाने अल्पावकाशात केला आहे: एका बाजूस भिंतीवर मुठी आपटणारा दे-सू, दुसऱ्या बाजूस टेलिव्हिजनवर सरकणारे जग, त्यात डायानाचा मृत्यू येतो, दोन कोरियांच्या पुढाऱ्यांची २००० सालची भेट येते, न्यूयॉर्कचे कोसळणारे मनोरे येतात, आणि २००२ सालची विश्वचषकाची जल्लोषयात्रा येते. मग एके दिवशी, आला तसाच विनाकारण, तो एका इमारतीच्या गच्चीवर आणून सोडला जातो. मी-दो नावाची एक तरुण स्वयंपाकीण त्यास आसरा देते, आणि पुढे त्या दोघांचे प्रेम जडते. आपणांस कोणी व का कोंडले याचा तो शोध घेऊ लागतो. आणि कोंडणारा ली वू-जिन हा श्रीमंत, देखणा, मृदुभाषी तरुण स्वतः होऊन त्याच्यापुढे येतो व पाच दिवसांत उत्तर शोधण्याचे कोडे घालतो.

येथपर्यंत ही नेहमीचीच सूडकथा आहे, आणि आपण सर्वस्वी दे-सूच्या पक्षाचे आहोत. पंधरा वर्षांच्या मांडूंची चव जिभेवर ठेवून तो एकामागून एक उपाहारगृहे धुंडाळतो आणि केवळ चवीवरून आपला तुरुंग शोधून काढतो, हा प्रसंग कोणाही चतुर कादंबरीकारास हेवा वाटावा असा आहे. तेथेच तो पुष्कळ चर्चिलेला बोळातील संग्राम घडतो. एका अरुंद बोळात एकटा दे-सू हातोडा घेऊन वीसेक गुंडांशी झुंजतो. आणि कॅमेरा, भित्तिचित्र पाहत चालणाऱ्या प्रवाशासारखा, बाजूने संथपणे सरकत राहतो. मध्ये एकदाही काट नाही. या संग्रामात चपळाई नाही, हे मला विशेष वाटले. माणसे दमतात, धापा टाकतात, पडलेली पुन्हा उठण्यास कचरतात. पाठीत सुरा रुतलेला नायक क्षणभर आडवा होतो आणि मग कंटाळल्यासारखा पुन्हा उठतो. हिंदी चित्रपटांतील मारामारी पाहून ज्यांची दृष्टी बनली आहे, त्यांस हा प्रसंग जवळजवळ केविलवाणा वाटेल, आणि तो तसा आहेही.

परंतु या प्रसंगाच्या ऐन आरंभी एक लहानशी गोष्ट घडते. दे-सू हातोडा उगारतो, चित्र गोठते, आणि हातोड्यापासून समोरच्याच्या कपाळापर्यंत ठिपक्यांची एक रेषा पडद्यावर आखली जाते. जणू भूमितीच्या पुस्तकातील आकृतीच. प्रथम पाहताना मी याला दिग्दर्शकाचा खोडसाळपणा समजलो. दुसऱ्यांदा पाहताना मनात आले की ही रेषा आखली कोणी? या चित्रपटात सारेच असे आखीव आहे. कोठडीच्या कागदावर जी नक्षी, त्याच जातीची नक्षी वू-जिन पाठवितो त्या जांभळ्या पेटीवर. दात उपटण्याच्या प्रसंगी व्हिवाल्डीच्या 'हिवाळ्या'चे सूर, आणि एरवी वॉल्ट्झच्या गिरक्या. मोठे दिवाणखाने, त्यांतून वाहणारे पाण्याचे पाट, घडी न मोडलेले कपडे. ही सर्व अभिरुची दे-सूची नव्हे. त्या बिचाऱ्यास तर नीट बसणारा अंगरखाही मिळालेला नाही. ही अभिरुची वू-जिनची आहे. ज्याने कोठडी सजविली, वेळापत्रक ठरविले, पात्रे नेमली, संमोहनविद्येने त्यांच्या मनांत शब्द पेरले आणि कोणी कोणास कोठे भेटावे हेदेखील योजून ठेवले, त्यानेच या चित्रपटाचे चित्रपटपण घडविले आहे. नाटकाच्या परिभाषेत सांगावयाचे तर दे-सू हा नायक असला तरी सूत्रधार वू-जिन आहे. सूड घ्यावयास निघालेला मनुष्य वास्तविक दुसऱ्याच्या सूडातील एक पात्र आहे, आणि ज्या वेगाने आपण त्याच्या पाठोपाठ धावलो तो वेगदेखील त्या दुसऱ्यानेच पुरविलेला होता.

वू-जिनचे कारण काय? दोघेही एकाच शाळेत होते. 'ओल्डबॉय' म्हणजे शाळेचा माजी विद्यार्थी. या निरुपद्रवी शब्दात कथेची किल्ली लपविली आहे. वू-जिन आणि त्याची सख्खी बहीण सू-आ यांच्यामधील निषिद्ध प्रेमाचा एक प्रसंग दे-सूच्या दृष्टीस पडला. तो त्याच वेळी शाळा सोडून सेऊलला चालला होता. जाता जाता त्याने एका मित्रास ती गोष्ट सांगितली, आणि कोणाला बोलू नकोस असेही बजावले. पुढे जे व्हावयाचे ते झाले. कुजबूज वाढली, तिला गर्भाची जोड मिळाली, त्या मुलीस स्वतःलाच ती अफवा खरी वाटू लागली, आणि एका धरणावरून तिने आपला देह खाली झोकून दिला. भावाच्या हातात शेवटपर्यंत तिचा हात होता.

कोठडीत असताना दे-सूने, आपण आयुष्यात कोणाकोणास दुखविले याची जंत्री करावयास घेतली होती. आपले जीवन अगदी सामान्य असे समजणाऱ्या या माणसाच्या वह्यांवर वह्या भरत गेल्या. पण त्या वह्यांत ही गोष्ट नाही. ती त्याच्या स्मृतीतून कोणी पुसली नव्हती. तो ती नुसती विसरला होता, कारण त्याच्या लेखी ती गोष्टच नव्हती. माझ्या मते चित्रपटातील सर्वांत हिंसक स्थळ हे आहे. हातोड्याच्या घावाने मेलेला मनुष्य मारणाऱ्याच्या ध्यानात तरी राहतो. येथे एक मुलगी मेली, आणि जिच्यामुळे ती मेली ती जीभ पुढच्या गप्पांकडे वळून मोकळी झाली.

या दृष्टीने पुन्हा पाहू लागले की आरंभीचे कितीतरी धागे दिसू लागतात. गच्चीवर सुटका झाल्यावर दे-सूची पहिली गाठ पडते ती आत्महत्येस निघालेल्या एका इसमाशी. दे-सू त्यास धरून ठेवतो आणि आपली पंधरा वर्षांची कर्मकथा ऐकवितो. मग तो इसम स्वतःची कथा सांगू लागताच दे-सू उठून चालू लागतो. प्रेक्षागृहात या जागी हशा पिकतो. खाली मोटारीवर देह आदळल्याचा आवाज येतो तेव्हाही काही लोक हसतच असतात. बोलण्याची हौस आणि ऐकण्याचा कंटाळा, हा या नायकाचा मूळ दोष येथे पाच मिनिटांत मांडून ठेवलेला आहे. आणि त्याला हसून आपणही त्याच पंक्तीत जाऊन बसलेले आहोत.

आता शेवटाकडे. वू-जिनच्या उंच महालात दे-सू उत्तर घेऊन येतो, आणि वू-जिन त्यास ती जांभळी पेटी देतो. पेटीत छायाचित्रांचे पुस्तक आहे. पहिल्या पानावर दे-सूच्या कुटुंबाचे चित्र, पुढील पानांवर क्रमाक्रमाने मोठी होत जाणारी त्याची मुलगी, आणि अखेरच्या पानावर मी-दो. ज्या पापाची कुजबूज त्याने केली होती, त्याच जातीचे पाप त्याच्याच हातून, त्याच्या नकळत, करवून घेण्यात आले आहे. का कोंडले हा प्रश्न चुकीचा होता, पंधरा वर्षांनी का सोडले असे विचारावयास हवे होते, हे वू-जिनचे म्हणणे येथे खरे ठरते. मुलगी वयात येईपर्यंत थांबणे भागच होते!

मूळ चित्रकथेत हे पितापुत्रीचे रहस्य नाही. ते पार्कने घातले. केवळ सनसनाटीकरिता घातले असा आक्षेप घेतला जातो. ज्यास सोफोक्लिसचा 'इडिपस' ठाऊक आहे तो असा आक्षेप सहसा घेणार नाही. तेथेही नायक तपासास निघतो आणि तपासाच्या टोकाशी स्वतःच उभा असतो. तेथेही अज्ञानाने घडलेला निषिद्ध संबंध आहे, आणि सत्य कळल्यावर स्वतःच्याच इंद्रियाला केलेली शिक्षा आहे. इडिपसने डोळे फोडले, कारण पाहूनही त्यास दिसले नव्हते. दे-सू वैऱ्याच्या पायांशी लोळतो, कुत्र्यासारखा भुंकतो, आणि कात्रीने आपली जीभ कापतो. ती शिक्षा त्याला कोणी सांगत नाही. अपराध कोणत्या इंद्रियाने केला हे त्यास आता पुरते समजलेले आहे. ग्रीक नाट्यात डोळे फोडण्याची वार्ता दूत येऊन सांगतो. भरतानेही युद्ध, मरण यांसारख्या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखविता प्रवेशकाने सुचवाव्या असे सांगितले आहे. पार्कला हा संयम ठाऊक नाही असे मानण्याची चूक मी बरेच दिवस केली. पण तो प्रसंग बारकाईने पाहिला असता असे आढळते की कात्री दिसते, रक्त दिसते, रुमालाआड हसू दाबणारा वू-जिन दिसतो. प्रत्यक्ष छेद हा बव्हंशी आपल्याच मनात होतो. बीभत्साचा आरोप करणाऱ्यांनी आपण पडद्यावर काय पाहिले आणि मनाने काय भरले, याची एकदा फोड करून पाहावी.

चोई मिन-सिक या नटाची कामगिरी येथे केवळ असामान्य आहे. धमकी, लाळघोटेपणा, आठवणी काढून गळ्यात पडणे, लोटांगण, हे सारे विकार एका दमात आणि एकाच चेहऱ्यावर तो इतक्या झपाट्याने दाखवितो की आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट'च्या भाषांतरास दिलेले 'विकारविलसित' हे नाव मला तेथे आठवले. यू जी-तेचा वू-जिन त्याच्यापुढे मुद्दाम थंड ठेवला आहे. तो थंडपणा शेवटी एकट्याने लिफ्टमध्ये उतरताना वितळतो. धरणावर निसटलेला तो हात त्यास पुन्हा दिसतो, आणि मग पिस्तुलाचा आवाज होतो. सूड पुरा झाल्यावर त्याच्याजवळ जगावयास काही उरलेले नाही.

इतके मान्य करूनही एक गोष्ट मला सलते, आणि ती किरकोळ नाही. या सर्व व्यवहारात सर्वांत अधिक अन्याय कोणावर झाला? तो दे-सूवर नव्हे, किंवा वू-जिनवरही नव्हे. तो मी-दोवर झाला. तिची आई मारली गेली, बाप खुनी म्हणून तिच्या आयुष्यातून पुसला गेला, ती परक्यांत वाढली, आणि जो बाप परत मिळाला तो या स्वरूपात. तिने शाळेत कुजबूज केलेली नव्हती. तिचा अपराध शून्य. असे असता चित्रपट तिच्याशी कसा वागतो? एकदाच, आगगाडीच्या रिकाम्या डब्यात एका प्रचंड मुंगीसमोर बसलेली ती आपणांस दिसते, एकाकीपणाचे तिचे ते स्वप्नचित्र असते; कांग हे-जंगने ते क्षण असे काही जिवंत केले आहेत की या मुलीविषयी आणखी जाणून घ्यावे असे वाटते. पण दिग्दर्शक तेथून मागे वळतो. शेवटच्या महासंग्रामात ती पुन्हा त्या जुन्या कोठडीत बंद आहे, समोर तशीच पेटी आहे, आणि ती पेटी तिने उघडावी की न उघडावी याचा निर्णय दोन पुरुष दूरध्वनीवरून करतात. दे-सू जीभ कापतो ती तिला कळू नये म्हणून. वू-जिन दया करतो ती तिला न सांगण्याची. आपणही श्वास रोखून इच्छितो ते हेच, की तिला कळू नये.

वू-जिनची कार्यपद्धती काय होती? माणसास त्याच्याच आयुष्यातील मुख्य गोष्ट कळू न देता त्यास चालवावयाचे. ती पद्धत आपणांस क्रूर वाटली. मग तीच पद्धत मी-दोच्या बाबतीत करुणा कशी ठरते? पार्कला हा प्रश्न दिसला नसेल असे म्हणवत नाही. ज्याने सूत्रधाराचा बुरखा इतक्या कौशल्याने फाडला, त्याला आपल्याही हातातील सूत्र दिसलेच असेल. पण दिसूनही त्याने ते सोडले नाही. इडिपसाच्या कथेत योकास्टेला सत्य स्वतः उमगते, आणि ते उमगल्यावर काय करावयाचे हे ती स्वतः ठरविते. मी-दोला तेवढाही अधिकार नाही. माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीने हा आक्षेप प्रथम माझ्यापुढे मांडला, तेव्हा मी कलेच्या अपरिहार्यतेविषयी काहीतरी उत्तर दिले होते. ते उत्तर मला आज पटत नाही.

या कथेच्या पुढील आवृत्त्या पाहिल्या म्हणजे मूळ कृतीचे धैर्य आणि तिचा हा दोष, दोन्ही अधिक स्पष्ट होतात. मुंबईत २००६ साली संजय गुप्ता यांनी 'जिंदा' काढला. त्यात संजय दत्त आणि जॉन अब्राहम आहेत. कथेचे साम्य लपण्याजोगे नाही. कोठडी आली, बोळातील झुंज आली, हातोडाही आला. पण पितापुत्रीचे रहस्य गाळले गेले. आपल्या प्रेक्षकास ते रुचले नसते हे खरे. परंतु ते गाळल्यावर मागे काय राहते? कोंडलेला एक मनुष्य, आणि त्याचा सूड. म्हणजे ज्या जुन्या सूडकथेस पार्कने सुरुंग लावला होता, तीच पुन्हा बांधून काढल्यासारखे झाले. अमेरिकेत स्पाइक ली याने २००३ च्या या चित्रपटाची नवी आवृत्ती २०१३ साली काढली. तीत रहस्य ठेवले आहे. मात्र शेवटी नायक आपण होऊन पुन्हा कोठडीत जाऊन राहतो. हिशेब चुकता झाल्याचे समाधान त्याने प्रेक्षकास मिळते. आणि मुलीस काही कळू न देण्याचा निर्णय तेथेही बापच करतो.

पार्कचा शेवट असे समाधान देत नाही. बर्फाच्छादित रान आहे. दे-सूने त्याच संमोहनविद्या जाणणाऱ्या बाईस पत्र लिहून विनवणी केली आहे, की आपल्या मनातील सत्य तेवढे काढून टाक. रहस्य जाणणारा राक्षस एकेक पाऊल टाकीत दूर जाईल, प्रत्येक पावलास एकेक वर्षाने म्हातारा होईल, आणि मरेल, असे ती त्यास सुचविते. तो शुद्धीवर येतो तेव्हा बर्फात पावले उमटलेली आहेत. ती कोणाची, हे ठरविता येत नाही. मी-दो त्यास शोधीत येते, त्याला मिठी मारते आणि आपले प्रेम बोलून दाखविते. त्याला जीभ नाही. तो हसतो, आणि हसता हसता त्याचा चेहरा वेदनेने पिळवटून जातो. तो विसरला की नाही, याविषयी रसिकांत अजून वाद चालतात. मला मात्र दर वेळी त्या मिठीत पाठमोरी झालेली मी-दोच दिसत राहते. त्या क्षणी तिचा चेहरा कसा होता, हे दाखविण्यास दिग्दर्शकाने कॅमेरा पलीकडे नेलेला नाही.